दुभत्याच्या खोलीशेजारची भिंत

दर रविवारी चॅपेल सुटलं की इडवल प्रिचर्ड घरी जायच्या आधी प्लास हेलिगच्या मागच्या अंगणात शिरायचा. दुभत्याच्या खोलीच्या दाराशी जाऊन डाव्या हाताच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, बोटाच्या पेराने टकटक करायचा. बाकी भिंत मुकी होती. तेवढी हातभर जागा मात्र पोकळ वाजायची. ती वाजली की तो टोपी सारखी करून घराकडे वळायचा. पन्नासांहून जास्त वर्षं हा नेम चालला होता. म्हाताऱ्याला भिंतीशी बोलायची खोड आहे असं डोलवेन गावाने ठरवून टाकलं होतं, आणि डोलवेनने एकदा काही ठरवलं की ते बदलायची देवाचीही टाप नाही.

गावात प्रिचर्ड आडनावाची अकरा घरं आणि त्यांत इडवल तिघं. तेव्हा माणूस ओळखायचा तो धंद्यावरून. इडवलचा बाप होता ह्यू चुना. आजा, पणजा, सगळे चुनेच. प्लास हेलिगच्या भिंतींना दर मे महिन्यात चुन्याचा हात द्यायचं काम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. आपला इडवल मात्र इडवल सिमेंट. चोविसाव्या वर्षी हे नाव पडलं तेव्हा त्याची छाती चांगली चार बोटं फुगली होती. पुढे तेच नाव सलायला लागलं, पण नाव म्हणजे काही पायातला काटा नव्हे, सुईने काढून टाकायला.

प्लास हेलिग हे तिथल्या विन जहागीरदारांचं घर. खरं तर दोन घरं. थोरल्या भावाने दिवाणखान्याचं मोठं घर बांधलं, आणि धाकट्याने त्याच्या कोपऱ्याला कोपरा भिडवून आपलं वेगळं. भिंतीला भिंत लागली, पण आतून दार ठेवलं नाही. थोरल्या जावेला धाकटीकडून मीठ हवं असेल तर पावसात अंगण ओलांडून जा. सव्वाचारशे वर्षांपूर्वी काय बिनसलं होतं ते आता कोणालाच ठाऊक नाही. भाऊ गेले, भांडण गेलं, कोपरा तेवढा राहिला. भिंती तीन फूट रुंद, दगडाच्या. छपरावर पाटीच्या दगडाच्या फरश्या, खालच्या ओळीत दाराएवढ्या आणि चढत चढत शेवटी तळहाताएवढ्या. दिवाणखान्यात ओकची एक अखंड तुळई, तिच्यावर कोरलेलं साल १५९७, आणि तिने पेललेलं गिलाव्याचं छत. त्या छतावर गिलाव्यातच घडवलेली हरणं धावायची. जहागीरदाराच्या पदरी असलेल्या कुणा भाटाने या घराची स्तुती करताना 'गोर्सच्या फुलासारखं पिवळं' असं लिहून ठेवलं होतं. गाव त्यावर हसायचं. भाटाला काय, जेवायला वाढलं की तो कोळशालाही सोनं म्हणेल. घर पांढरं होतं, आणि पांढरंच होतं.

इडवल लहानपणापासून बापाच्या मागे बादली घेऊन असायचा. परसात खड्डा खणून कळीचा चुना विरवायचा, तो खदखदायला लागला की लांब उभं राहायचं, हिवाळाभर मुरू द्यायचा, आणि मे महिन्यात त्यात चरबी घालून भिंतीला द्यायचा. ह्यू मोजकं बोलायचा. "भिंत श्वास घेते. तिचं नाक दाबायचं नाही," हे त्याचं सगळं शास्त्र. पोराला यापेक्षा जास्त त्याने कधी काही शिकवलं नाही.

१९६६च्या मे महिन्यात बापाने पहिल्यांदाच इडवलला एकट्याला गिलाव्याचं काम दिलं. दुभत्याच्या खोलीच्या दाराशेजारी वीतभर जुना गिलावा पडला होता. इडवलने तो असा गुळगुळीत भरला की बघत राहावं. मग तो जेवायला गेला. परत येऊन बघतो तर ओल्या गिलाव्यात मधोमध पंजा उमटलेला, पाची बोटं, अंगठ्यासकट. आणि दारात नवी कामवाली पोरगी उभी, हातात ओलं फडकं, बोटांना चुना. ती होती लाउरी, वीस वर्षांची, वरच्या शेतावरच्या घरातली.

"डोळे काय दुधात टाकून आलीस?" इडवल ओरडला. "सकाळपासूनची मेहनत आहे माझी."

लाउरी एक शब्द बोलली नाही. खाली मान घालून उभी राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इडवलने पंजा पुसायला करणी उचलली, पंजाकडे पाहिलं, पाळ्यांकडे पाहिलं, आणि करणी खाली ठेवली.

संध्याकाळी बापाने विचारलं, "हे काय?"

"मांजर चढलं असेल."

"पाच बोटांचं?" ह्यू म्हणाला आणि चुन्याची बादली उचलून चालायला लागला.

पुढच्या वर्षी मेजरसाहेबांनी, म्हणजे शेवटच्या जहागीरदारांनी, दरवर्षीच्या चुन्याची कटकट कायमची मिटवायचं ठरवलं. शहरात सगळे सिमेंट लावत होते. इडवल शहरात जाऊन दोन महिने ते काम शिकून आला होता. मेजरसाहेबांनी बापाला सोडून पोराला बोलावलं. त्या दिवशी ह्यूने आपला चुन्याचा कुंचला धुतला, खिळ्याला टांगला, आणि पुन्हा कधी खाली काढला नाही. पोराला तो फक्त एवढंच म्हणाला, "गुदमरेल ती."

सिमेंट धरायला जुना चुना खरवडून काढावा लागतो. इडवलने छिन्नी घेऊन बापाचं, आजाचं, पणजाचं काम सगळ्या भिंतींवरून खाली पाडलं. दुभत्याच्या खोलीशी आला आणि त्याचा हात अडला. पंजा होता तिथेच होता. मागच्या बाजूला कोण बघतंय? इडवलने पंजाभोवतीचा हातभर तुकडा तसाच ठेवला, त्यावर आईच्या टेबलावरचं मेणकापड लावलं, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकली आणि वरून सिमेंट ओढलं. कारागिराने असं काम करू नये. आयुष्यात त्याने एवढं एकच वाईट काम केलं, आणि ते मुद्दाम केलं.

पुढच्या वसंतात त्याचं लाउरीशी लग्न झालं.

बापाचा शब्द खरा ठरायला वीस वर्षं लागली. सिमेंटला बारीक चिरा पडल्या, त्यांतून पाऊस आत गेला, आणि बाहेर यायला त्याला वाट राहिली नाही. भिंती आतून घामेजायला लागल्या. ओकच्या तुळईचं भिंतीतलं टोक कुजून भुसा झालं. एका हिवाळ्यात छताचा कोपरा खाली आला आणि तीन हरणं फरशीवर फुटली. मेजरसाहेब तेव्हा वारले होते, त्यांच्या मुलांनी घराला कुलूप घातलं होतं. पडझड बघायला गाव गेलं, त्यात इडवलही गेला. फुटक्या गिलाव्यातून एका हरणाचं डोकं त्याने उचलून खिशात टाकलं. ते अजून त्याच्या अवजारांच्या पेटीत, फडक्यात गुंडाळलेलं होतं. लोक त्याला तोंडावर काही म्हणाले नाहीत. फक्त 'सिमेंट' म्हणताना पूर्वी जे हसायचे ते आता हसत नव्हते.

शेवटी एका संस्थेने ते घर घेतलं आणि दुरुस्तीसाठी हेलेद नावाची एक तरुण वास्तुतज्ज्ञ आली. पोरगी दक्षिणेकडची. तिची वेल्श बोली ऐकून डोलवेनच्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या. सप्टेंबरातल्या एका रविवारी, चॅपेलमागच्या खोलीत चहाच्या वेळी, तिने टेबलावर नकाशा पसरला.

"उद्यापासून सिमेंट काढायचं," ती म्हणाली. "फोडायचं मशीन मागवलंय. मागच्या अंगणातून सुरुवात करू, दुभत्याच्या खोलीकडून. तिथलं काही राखण्यासारखं नाही."

"ऐकलंस का, सिमेंट?" गावातला खाटीक म्हणाला. "उद्या तू ढिगाऱ्यात."

सगळे हसले. इडवलने चहा तसाच ठेवला आणि टोपी उचलली.

घरी लाउरीने त्याच्यापुढे मटणाचा रस्सा ठेवला. तो नुसता चमचा फिरवत बसला.

"काय रे, जीभ गिळलीस की दात?" लाउरीने विचारलं.

"काही नाही."

"काही नाहीचं तोंड असं नसतं. पंचावन्न वर्षं बघतेय मी हे तोंड."

सांगायचं तर काय सांगायचं? तुझा पंजा मी भिंतीत जपून ठेवलाय असं? इडवल प्रिचर्ड चॅपेलचा डीकन, म्हणजे कारभारी पंच, होता. लग्नापासून आजवर त्याने बायकोला सांगितलेली सगळ्यांत गोड गोष्ट म्हणजे 'आज चहा बरा झालाय'. त्याच्या तोंडून हे निघणं म्हणजे दगडातून दूध निघणं. आणि न सांगावं, तर उद्या दुपारपर्यंत त्या पंजाची भुकटी झाली असती. लाउरीवर आपलं किती प्रेम आहे हे त्याला स्वतःला त्या हातभर जागेवरूनच कळायचं. ती जागा गेली की रविवारी चॅपेल सुटल्यावर कुठे जायचं, हेच त्याला कळेना. रस्सा थंड झाला.

सोमवारी सकाळी तो मशीनच्या आधी अंगणात हजर झाला, काखेत अवजारांची पेटी. हेलेद गाडीतून बूट काढत होती.

"पोरी, जरा थांब," तो म्हणाला. "हे सिमेंट मी लावलंय."

"कुठलं?"

"सगळं. १९६७ला. तुळई माझ्यामुळे कुजली. हरणं माझ्यामुळे पडली." त्याने फडकं सोडून हरणाचं डोकं तिच्या हातात ठेवलं. "हे तुमचं."

हेलेद त्या डोक्याकडे बघत राहिली. "म्हणून तुम्हाला सिमेंट म्हणतात होय, मिस्टर प्रिचर्ड? मला वाटलं स्वभावावरून."

"तेही चालेल," इडवल म्हणाला. "पण ती दाराशेजारची हातभर जागा मशीनने फोडू नकोस. तिथे मी चुना काढलाच नव्हता. खाली आहे तसा आहे."

"आहे तसा?" हेलेदने मान वर केली. "म्हणजे जुना? सगळे थर?"

"थरबिर मला माहीत नाही. खाली एक पंजा आहे."

"कोणाचा?"

इडवलने टोपी काढली, पुन्हा घातली. "माझ्या घरच्या बाईचा," तो म्हणाला. "लग्नाआधीचा." एवढं सांगून तो पेटीतली छिन्नी शोधायला खाली वाकला.

हेलेदने मशीनवाल्याला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. "तुम्हीच काढा," ती म्हणाली. "पण माझ्या डोळ्यांसमोर. आणि घाई नको."

घाई कोणाला होती? एकोणऐंशी वर्षांचा माणूस, हात थरथरणारे, पण छिन्नी हातात आली की ते थरथरत नव्हते. त्याने कडेने बारीक बारीक ठोके दिले. सिमेंटची खपली सुटली. खुराड्याची जाळी गंजून लाल झाली होती, ती त्याने पकडीने तोडली. मग मेणकापड दिसलं. त्यावरच्या निळ्या फुलांचा रंग अजून होता. ते त्याने दोन बोटांनी धरून हळूच सोलून काढलं. आत चुना कोरडा, पांढरा, आणि मधोमध पाच बोटं, कालच उमटावीत तशी.

हेलेद मात्र पंजाकडे बघत नव्हती. भरलेल्या गिलाव्याच्या शेजारी जुन्या चुन्याची जी तुटकी कड होती, तिला तिने भिंग लावलं होतं. एका वर्षाचा एक पापुद्रा, असे पापुद्रे एकावर एक बसून बोटभर जाडी झाली होती. भिंग सरकवत हेलेद सगळ्यांत खालच्या थरापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

"मिस्टर प्रिचर्ड, इकडे या," ती म्हणाली. "सगळ्यांत खालचा बघा."

इडवलने डोळा बारीक करून भिंगातून पाहिलं. शेवटचे चार-पाच थर पांढरे नव्हते. गोर्सच्या फुलासारखे पिवळे होते.

"भाटाने जेवणासाठी थाप मारली नव्हती तर," तो म्हणाला. "खरंच सांगितलं होतं त्याने."

"सगळ्या घरावर एवढाच तुकडा उरलाय," हेलेद म्हणाली. "बाकी सगळं तुम्ही फार नेटकेपणाने खरवडलंत. हा नसता तर आम्ही घर पुन्हा पांढरंच केलं असतं." ती हसली. तिचे डोळे भरले होते. "मिसेस प्रिचर्डच्या पंजामुळे वाचलं हो."

तेवढ्यात मिसेस प्रिचर्ड आल्याच. नवरा सकाळी न सांगता पेटी घेऊन गेला म्हटल्यावर लाउरी घरी बसणारी नव्हे. एका हातात चहाची किटली, दुसऱ्यात फडक्यात बांधलेला बारा ब्रिथ, म्हणजे मनुका घातलेला पाव, लोणी लावून कापलेला.

"एकोणऐंशीव्या वर्षी छिन्नी मारतोय," ती दारातूनच सुरू झाली. "पडलास तर उचलणार कोण? मला सांगू नकोस, माझा खांदा..."

तिला भिंत दिसली आणि ती थांबली.

"बघ," इडवल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मोडला नव्हता मी. ठेवला होता. तुझा."

लाउरीने किटली खाली ठेवली आणि भिंतीजवळ गेली. आपला हात वर केला, पण टेकवला नाही. नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "हा माझा नाही रे."

"म्हणजे?"

"मॅरेडचा आहे. ही करंगळी बघ, वाकडी. लहानपणी दारात चेमटली होती तिची."

मॅरेड म्हणजे तेव्हा दुभत्याच्या खोलीत कामाला असलेली पोर, लाउरीची जिवाची मैत्रीण. पुढे लिव्हरपूलला नर्स झाली, तिथेच संसार केला आणि बारा वर्षांपूर्वी तिथेच गेली.

"साय घेऊन येताना तिचा पाय घसरला," लाउरी सांगायला लागली. "तोल सावरायला भिंत धरली बिचारीने. मी फडक्याने तिचा हात पुसत होते तर तू आलास. ती आत पळाली. त्याच आठवड्यात तिच्याकडून सायीचं मडकं फुटलं होतं. आणखी एक चूक आणि घरी, असं तिला सांगितलं होतं, आणि घरी खाणारी तोंडं सहा. मग म्हटलं, ओरडतोय तर ओरडू दे मलाच."

इडवल पालथ्या ठेवलेल्या बादलीवर बसला. हेलेद भिंग पुसत राहिली, पुसण्यासारखं त्यावर काही नसताना.

"इतकी वर्षं," तो म्हणाला. "इतकी वर्षं मी मॅरेडला टकटक करतोय."

"म्हणून येत होतास होय दर रविवारी?" लाउरी म्हणाली. "मला वाटलं सिमेंटला तडा गेला का बघतोस." ती हसायला गेली आणि तिला रडू आलं. नवऱ्यासाठी नव्हे, मॅरेडसाठी. मॅरेडचं दफन परगावात झालं होतं, लाउरीला जाताही आलं नव्हतं. तिने बोटाच्या टोकाने ती वाकडी करंगळी चाचपली. "बरं झालं ठेवलास," ती म्हणाली. "फार बरं केलंस, इडवल."

इडवलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग त्याने विचारलं, "मग मी लग्न कशावर केलं?"

"मी गप्प उभी राहिले त्यावर," लाउरी डोळे पुसत म्हणाली. "गरीब दिसतेय पोरगी, असं वाटलं असेल तुला. त्यानंतर कधी गप्प पाहिलंस का मला?"

"नाही," इडवल मनापासून म्हणाला.

"मग खा आता." तिने पावाचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

त्याने तो खाल्ला. पण आतून तो हलला होता. जी पोर स्वतःची चूक पोटात घालून उभी आहे असं समजून तो भाळला होता, ती खरं तर दुसरीची चूक पोटात घालून उभी होती. आपण समजत होतो त्याहून चांगली बायको आपल्याला मिळाली, आणि हे कळायला एवढी वर्षं लागली, याची त्याला लाज वाटली. आनंदही झाला.

हिवाळाभर परसातल्या जुन्या खड्ड्यात चुना मुरत पडला. थंडी ओसरल्यावर हेलेदची माणसं भिंती भरायला लागली, आणि इडवल खुर्ची टाकून त्यांच्या चुका काढायला लागला. तुळईच्या कुजक्या टोकाला नवा ओक जोडला, छतावर हरणाचं डोकं पुन्हा बसलं. मे महिन्यात घर पिवळं झालं. गाव रस्त्यावर उभं राहून बघत होतं. खाटीक म्हणाला, "आता तुला काय म्हणायचं रे?" इडवल म्हणाला, "म्हणा काहीही." पण त्याच संध्याकाळी कोणीतरी लांबून 'ए चुना' अशी हाक मारली आणि त्याने ओ दिली.

मॅरेडच्या पंजाभोवतीचा तुकडा हेलेदने तसाच उघडा ठेवला. त्याच्या शेजारची वीतभर जागा तिने शेवटपर्यंत भरू दिली नव्हती. ती इडवलसाठी होती. त्याने घरून बापाची करणी आणली होती. अर्धा तास खपून त्याने ती जागा अशी भरली की हेलेदच्या माणसांनीही मान डोलावली.

लाउरी किटली घेऊन आली. भिंतीपाशी थांबली, किटली खाली ठेवली, बाही वर सारली, आणि कोणी काही म्हणायच्या आत ओल्या गिलाव्यात सरळ हात रोवला.

"डोळे काय दुधात टाकून आलीस?" इडवल म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "या खेपेला बघून करतेय."

सांधेदुखीने तिची बोटं पुरती उघडत नव्हती, अंगठा वरच राहिला होता. इडवलने जवळ जाऊन तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि तो अंगठा हलकेच दाबला. मग तिने हात काढून घेतला आणि फडक्याला पुसला. अंगठ्यापाशी गिलावा थोडा फाटला होता. इडवलने बापाची करणी उचलली, बादलीत धुतली आणि पेटीत ठेवून दिली.